श्रीसाईबाबा आणि धर्मवादाचा निवाडा

आज विजयादशमी. घरोघरी शस्त्रपूजन होईल, सरस्वतीपूजन होईल, सायंकाळी सीमोल्लंघन करून आपट्याची पाने वाटली जातील. शिर्डीच्या पंचांगात मात्र या तिथीला आणखी एक अर्थ आहे. मंगळवार, दिनांक १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीच्या दुपारी अडीचच्या सुमारास श्रीसाईबाबांनी द्वारकामाईत देह ठेवला. म्हणून साईभक्तांच्या घरी आजचा दिवस दसऱ्याचा तसाच पुण्यतिथीचाही असतो. सोने वाटणारा हात आज बाबांच्या तसबिरीपुढे जोडलाही जातो.

बाबांच्या चरित्रातील चमत्कार, उदीचे अनुभव आणि नवसाला पावल्याच्या कथा वाचकांना ठाऊक आहेत. हेमाडपंत म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या ओवीबद्ध साईसच्चरिताचे पारायण अनेक घरांत नित्यनेमाने चालते. आम्ही आज त्या चरित्राची थोडी निराळी बाजू वाचकांपुढे ठेवू इच्छितो. बाबा हिंदू की मुसलमान, त्यांच्या मशिदीत गंध-फूल चालावे की नाही, त्यांच्या देहाला अग्नी की भूमी, आणि भूमी द्यायची तर ती कोणाची, असे वाद त्यांच्या दारात साठ वर्षे येत राहिले. त्या वादांचे बाबांनी काय केले, हे पाहणे आजच्या दिवशी उचित होईल.

या वादांचे मोल कळण्यासाठी क्षणभर दूरच्या युरोप खंडाकडे दृष्टी टाकली पाहिजे. तेथेही एकाच देवाचे नाव घेणाऱ्यांमध्ये याच जातीचे प्रश्न उभे राहिले होते. १५१७ साली जर्मनीतील विटेनबर्ग येथे मार्टिन ल्यूथर या धर्मोपदेशकाने रोमच्या धर्मसत्तेच्या काही प्रथांवर आक्षेप घेतले आणि पाहता पाहता ख्रिस्ती समाज दुभंगला. कोणता पंथ खरा, हा प्रश्न ग्रंथांतून निघून रस्त्यावर आला आणि रस्त्यावरून रणांगणावर गेला. १५५५ साली ऑग्सबर्ग या नगरीत तह झाला. त्याचे सार एवढेच की, ज्याचे राज्य त्याचा धर्म. राजा ज्या पंथाचा, प्रजाही त्याच पंथाची. ज्याला ते मान्य नसेल त्याने घरदार विकून दुसऱ्याच्या राज्यात जावे. फ्रान्समध्ये १५७२ सालच्या ऑगस्ट महिन्यात पॅरिस नगरीत एका पंथाच्या लोकांनी दुसऱ्या पंथाच्या हजारो लोकांची कत्तल केली. पुढे १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षे जर्मन भूमी युद्धात होरपळली.

दोष एकाच बाजूचा नव्हता. ज्यांच्यावर जुलूम झाला, त्यांनीही सत्ता हाती येताच जुलूम केला. मिखाएल सर्व्हेटस नावाचा एक विद्वान वैद्य फ्रान्समधील कॅथलिक न्यायासनाच्या हातून निसटला आणि सुधारकांच्या जिनिव्हा नगरीत सापडला. देवाच्या त्रिविध स्वरूपासंबंधी त्याचे मत निराळे होते, एवढ्यासाठी १५५३ साली सुधारकांनीच त्याला जिवंत जाळले. त्यावर बाझल येथे राहणाऱ्या सेबॅस्टियन कॅस्टेलियो या अध्यापकाने माणसाला मतासाठी मारू नये म्हणून लेखणी उचलली. त्या काळी त्याचे कोणी फारसे ऐकले नाही.

या कलहावर त्या लोकांनी जे उपाय शोधले, त्यांतील एक आम्हांस फार बोलका वाटतो. जर्मनीतील बाउट्झन या गावी संत पीटरचे मोठे देवालय आहे. तेथे दोन्ही पंथांनी करार करून देवालय वाटून घेतले. पुढचा भाग कॅथलिकांचा, मागचा प्रॉटेस्टंटांचा, मध्ये कठडा आणि उपासनेच्या वेळाही ठरलेल्या. कत्तलीपेक्षा कठडा शतपटीने बरा, यात संशय नाही. आजही दोन्ही पंथ त्याच छपराखाली उपासना करतात. तरीही तो निवाडा दिवाणी स्वरूपाचा होता. दोन भावांनी वाड्यात भिंत घालावी, तसा.

आता आपण शिर्डीकडे वळू.

तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, कोपरगाव तालुक्यातील हे एक लहानसे खेडे होते. आज ते राहाता तालुक्यात मोडते. परंपरा अशी सांगते की, सोळा वर्षांचा एक तेजस्वी तरुण प्रथम येथील निंबाखाली दिसला, काही काळाने निघून गेला, आणि पुढे धूपखेड्याच्या चांद पाटलांच्या आप्तांच्या वऱ्हाडाबरोबर परत आला. वऱ्हाड उतरले ते खंडोबाच्या देवळाजवळ. खंडोबाचे पुजारी म्हाळसापती हे जातीने सोनार आणि वृत्तीने विरक्त. त्यांनीच या तरुणाचे साई या नावाने स्वागत केले. परंतु तोच फकीर देवळात राहू म्हणाला तेव्हा मुसलमानाला खंडोबाच्या देवळात कसे राहू द्यावे, म्हणून म्हाळसापतींनीच हरकत घेतली, असे चरित्रकार नमूद करतात. बाबांनी वाद घातला नाही. ते निंबाखाली राहिले आणि नंतर गावातील एका पडक्या मशिदीत गेले. ज्यांनी दार अडवले, ते म्हाळसापतीच पुढे बाबांचे पहिले पूजक झाले आणि रात्री त्याच मशिदीत त्यांच्या शेजारी झोपू लागले. बाबांच्या चरित्रातील पहिला वाद असा कोणी न जिंकता संपला.

त्या पडक्या मशिदीला बाबांनी द्वारकामाई म्हटले. तेथे त्यांनी अखंड धुनी पेटवली आणि तिची राख उदी म्हणून वाटली. वाण्यांकडून तेल मागून रात्री दिवे लावले. दारी तुळस आली, घंटा वाजू लागली. पश्चिमेचा निंबरही जागच्या जागी राहिला. ओठी अखंड अल्लाचे नाव आणि समोर अग्नी! बाबांना मुसलमान म्हणावे तर त्यांचे कान टोचलेले. हिंदू म्हणावे तर वास्तव्य मशिदीत. हेमाडपंतांनी हा पेच मोठ्या कौतुकाने वर्णिला आहे. ज्यांना खूण पाहून माणसाची कोटी ठरवायची सवय, त्यांची येथे पंचाईत होई.

एकदा अहमदनगरहून जव्हारअली नावाचा एक विद्वान फकीर राहात्यास आला. कुराण त्याला मुखोद्गत होते आणि वाणी गोड होती. वीरभद्राच्या देवळाजवळ उतरून त्याने ईदगाह बांधण्यास प्रारंभ केला. त्यावरून तंटा माजला आणि त्याला राहाता सोडावे लागले. तो शिर्डीस बाबांच्या मशिदीत येऊन राहिला आणि बाबा आपले शिष्य आहेत, असे सांगू लागला. बाबांनी ते नाकारले नाही. ते खरोखरच त्याचे शिष्य झाले, त्याच्यामागून राहात्यास गेले, त्याचे पाणी भरले, सेवा केली. शिर्डीकर भक्त कासावीस झाले आणि त्यांना परत आणण्यास गेले. अखेर शिर्डीत बाबांच्याही आधीपासून राहणाऱ्या देवीदास नावाच्या साधूशी जव्हारअलीचा वाद झाला. त्यात तो निरुत्तर होऊन निघून गेला. वादात जिंकले देवीदास. बाबांनी मात्र गुरुत्व सिद्ध करण्याऐवजी शिष्यत्व पत्करून दाखवले. युरोपातील पंडितांनी ज्या अहंकारापायी चिता पेटवल्या, त्या अहंकाराचे औषध या कथेत आहे, असे आम्हांस वाटते.

गंध-फुलाचा वाद याहून अवघड होता. मशिदीत बसलेल्या फकिराला हिंदूंनी चंदन लावावे, हे कित्येक मुसलमानांस खपेना. त्यांनी विरोध केला. म्हाळसापतींनी कलह टाळण्यासाठी बाहेरूनच पूजा करावी, असे मनाशी ठरवले. बाबांनी त्यांना आत बोलावून पूजा करू दिली. येथे बाबा हिंदूंच्या बाजूचे झाले, असे कोणास वाटेल. तर दुसरीकडे मशिदीजवळ राहणारा एक रोहिला रात्रंदिवस मोठ्याने कलमा पढे. दिवसभर शेतात राबलेल्या गावकऱ्यांची झोपमोड होई. त्यांनी बाबांकडे गाऱ्हाणे नेले, तेव्हा बाबांनी रोहिल्याचीच बाजू घेतली आणि देवाच्या नावाचा त्रास मानू नये, असे समजावले. म्हणजे ज्याची उपासना अडवली जात होती, त्याच्या बाजूला बाबा उभे राहिले. मग तो म्हाळसापती असो की रोहिला असो.

मेघा नावाच्या गुजराती ब्राह्मणाची कथा भक्तांना प्रिय आहे. रावबहादूर साठ्यांनी त्याला शिर्डीस धाडले. वाटेत त्याला कळले की, बाबा मुसलमान आहेत. त्याच्या मनाची तडफड झाली. शिर्डीस पोचताच बाबांनी त्याला हाकलून दिले. त्याच्या मनातली शंकाच जणू त्याच्या पुढ्यात ठेवली. तो त्र्यंबकेश्वरी जाऊन राहिला आणि दीड वर्षाने परत आला. या वेळी तो शंकररूपाने बाबांची पूजा करू लागला, गोदावरीचे पाणी पायी वाहून आणू लागला. १९१२ साली तो निवर्तला तेव्हा बाबा त्याच्या अंत्ययात्रेत चालले. बाबांनी त्याचे शिवाराधन सोडवले नाही, उलट ते दृढ केले. एक हिंदू धर्मांतर करून बाबांपुढे आला असता, बाप बदललास काय, अशा अर्थाचे बोलून बाबांनी त्याला चापट मारल्याचेही सांगतात. नांदेडचा अब्दुल मशिदीत झाडलोट करी आणि बाबांजवळ बसून कुराण वाची. तो अखेरपर्यंत मुसलमानच राहिला आणि बाबांच्या पश्चात कित्येक वर्षे समाधीची सेवा करीत राहिला. राज्य बदलले की प्रजेने धर्म बदलावा, हा ऑग्सबर्गचा नियम. गुरू लाभला तरी शिष्याने आपलाच धर्म पाळावा, हा द्वारकामाईचा.

उरुसाची हकीकतही ध्यानात घेण्याजोगी आहे. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला होता आणि गावोगावी मने कलुषित झाली होती. त्यानंतर चारच वर्षांनी, १८९७ साली, कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांनी शिर्डीत उरूस भरवण्याचे मनात आणले. हिंदू अधिकाऱ्याने मुसलमानी पद्धतीचा उरूस योजावा, आणि त्यासाठी दिवस निवडला गेला रामनवमीचा! गावच्या कुलकर्ण्यांनी प्रतिकूल अहवाल दिल्यामुळे सरकारने प्रथम परवानगी नाकारली. पुन्हा खटपट झाली आणि परवानगी मिळाली. हिंदूंनी निशाणे मिरवली, तर कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर दलाल यांनी संदल काढला. एकाच दिवशी, एकाच गावात निशाणांची आणि संदलाची मिरवणूक निघाली आणि चंदनाचे हात त्याच निंबरावर उमटले. १९१२ साली कृष्णराव जागेश्वर भीष्म यांच्या सूचनेवरून रामजन्माचा पाळणाही मशिदीत हलू लागला. कीर्तन झाले, गुलाल उधळला गेला आणि रात्री संदलही नेहमीप्रमाणे निघाला. कठडा कोठेच उभारावा लागला नाही. दिवस एकच ठेवून दोघांना तो आपला वाटला.

बाबांच्या देहाचा वादही दोनदा उभा राहिला. १८८६ साली मार्गशीर्ष पौर्णिमेस दम्याने व्याकूळ झालेल्या बाबांनी म्हाळसापतींना तीन दिवस देह सांभाळण्यास सांगितले आणि श्वास थांबला. अधिकारी आले, पंचनामा झाला, दफन करण्याचा आग्रह झाला. म्हाळसापती मस्तक मांडीवर घेऊन तीन दिवस बसून राहिले. तिसऱ्या दिवशी बाबांनी डोळे उघडले. ज्या पुजाऱ्याने एकदा देवळाचे दार अडवले होते, त्यानेच तो देह राखला.

दुसरा प्रसंग आजच्या तिथीचा. २८ सप्टेंबर १९१८ रोजी बाबांना ताप आला. युरोपात तेव्हा चार वर्षांचे महायुद्ध शेवटच्या घटका मोजीत होते, आणि आपल्याकडे इन्फ्लुएंझाच्या साथीने घरेच्या घरे ओस पडत होती. बाबांनी वझे नावाच्या भक्ताकडून रामविजय ग्रंथ वाचून घेतला. विजयादशमीच्या दिवशी त्यांनी लक्ष्मीबाई शिंदे यांच्या हाती आधी पाच आणि मग चार असे नऊ रुपये ठेवले, जवळच्या मंडळींना जेवावयास पाठवले, आणि बयाजी कोते यांच्या अंगावर टेकून प्राण सोडला.

लगेच प्रश्न उठला, देह ठेवायचा कोठे? काही मुसलमान मंडळींचे म्हणणे पडले की, मोकळ्या जागी दफन करून वर कबर बांधावी. पाटील रामचंद्र आणि इतर ग्रामस्थांचा निर्धार होता की, देह बुटीवाड्यातच ठेवावा. नागपूरचे धनिक गोपाळराव बुटी यांनी मुरलीधराच्या मंदिरासाठी तो वाडा बांधला होता आणि गाभारा तयार होता. वाचकांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. राहात्याचे शेठ खुशालचंद मुसलमान नव्हते, तरी त्यांचेही मत मोकळ्या जागेकडेच होते. म्हणजे येथे धर्माधर्माच्या सरळ रेघा नव्हत्या. प्रत्येकाला बाबांसाठी जे योग्य वाटले तेच तो सांगत होता. अग्नी देण्याचा आग्रह हिंदूंनी धरला नाही, हेही थोडे नव्हे.

वाद दुसऱ्या दिवसावर गेला. बुधवारी पहाटे लक्ष्मणमामा जोशी यांना स्वप्नात दृष्टांत झाला आणि त्यांनी मशिदीत येऊन नित्याची काकडआरती व पूजा केली. कोपरगावचे मामलेदार आले. त्यांनी लोकांची मते घेतली. वाड्याच्या बाजूने दुप्पट मते पडली. कायद्याच्या भाषेत वाद येथेच मिटला असता. परंतु मामलेदारांनी केवळ बहुमतावर निकाल दिला नाही. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यावे, असे त्यांचे मत पडले आणि काकासाहेब दीक्षित अहमदनगरला जावयास निघाले. तेवढ्या अवधीत मने पालटली. दुसऱ्या पक्षाने संमती दिली आणि निर्णय एकमताचा झाला. बुधवारी सायंकाळी मिरवणुकीने देह वाड्यात आणून मुरलीधरासाठी राखलेल्या जागी समाधी देण्यात आली. म्हणजे मंदिराच्या गाभाऱ्यात, अग्नी न देता, भूमीत. दोन्ही परंपरांना या निवाड्यात आपले काही सापडले.

दुप्पट मते हाती असताना एक दिवस थांबण्याची ही बुद्धी आम्हांस आजच्या दिवशी सर्वांत महत्त्वाची वाटते. बहुमताने त्याच घटकेला दफन उरकले असते, तर अमीर शक्करच्या मनात सल राहिला असता आणि पुढच्या रामनवमीला संदल निघताना हात थरथरला असता. ज्यांनी साठ वर्षे बाबांचा सहवास अनुभवला होता, त्यांना जिंकणे आणि मिटवणे यांतील भेद कळला होता. महिनाभरात, ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, युरोपातही तोफा थांबल्या. परंतु तेथे विजेत्यांनी लादलेला तह वीस वर्षेसुद्धा टिकला नाही आणि १९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. शिर्डीच्या त्या दिवसाचा निर्णय मात्र शतक उलटले तरी कोणी उकरून काढलेला नाही.

पुढे १९२२ साली संस्थानाची रीतसर व्यवस्था लागली. १९५४ साली विजयादशमीलाच समाधीमागे तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती स्थापन झाली. आज देशोदेशीचे भक्त तेथे रांगेत उभे राहतात. वाद मात्र संपले, असे म्हणता येणार नाही. २०१४ साली द्वारकापीठाचे शंकराचार्य स्वामी स्वरूपानंद सरस्वती यांनी हिंदूंनी साईपूजन करू नये, असे मत मांडले आणि त्यावरून देशभर वादंग उठले. स्वामी २०२२ साली ब्रह्मलीन झाले. शास्त्राच्या रक्षणाची त्यांची कळकळ आम्ही अनादराने पाहत नाही. परंपरेच्या पीठावर बसलेल्या यतीला असा प्रश्न पडावा, हे स्वाभाविक आहे. जानेवारी २०२० मध्ये परभणी जिल्ह्यातील पाथरी हे बाबांचे जन्मस्थान म्हणून विकसित करण्याची घोषणा झाली, तेव्हा शिर्डी बंद ठेवण्यात आली. जन्मस्थान निश्चित झाले की कुळ निश्चित होते आणि कुळाबरोबर जात, हे भक्तांचे भय होते. पाथरीकरांची श्रद्धाही खोटी म्हणता येत नाही.

बाबांनी आपले नाव, गाव, कुळ कोणालाच नीट सांगितले नाही. एका चोरीच्या खटल्यात साक्ष नोंदवण्यास आलेल्या अधिकाऱ्याने नाव, बाप, धर्म, वय असे रीतीचे प्रश्न विचारले, तेव्हाही सरकारी रकान्यात बसेल असे उत्तर त्याला मिळाले नाही, असे सांगतात. आम्हांस वाटते, हे मौन हेतुपुरस्सर होते. धर्म हा त्यांच्या लेखी सातबाराचा उतारा नव्हता. मेघाने शिव पाहिला, अब्दुलने अवलिया पाहिला, म्हाळसापतींनी खंडोबा पाहिला; बाबांनी कोणाचेच पाहणे दुरुस्त केले नाही.

आज सायंकाळी आपण सीमा ओलांडू. गावाची वेस ओलांडणे सोपे असते. माझेच खरे, ही वेस ओलांडण्यास मात्र बळ लागते. घरातील वाटणीचा वाद असो, गावातील मिरवणुकीचा असो, की देवळातील मानपानाचा असो, मते आपल्याकडे दुप्पट असली तरी एक दिवस थांबावे आणि समोरच्याची संमती मिळवावी, एवढे जरी या पुण्यतिथीला आपण मनाशी धरले, तरी बाबांच्या समाधीवर वाहिलेले आपट्याचे पान खऱ्या अर्थाने सोने होईल. श्रीसाईनाथ सर्वांना ती सद्बुद्धी देवोत, ही त्यांच्या चरणी प्रार्थना.